एक्स-रेवाले काका आणि माझा दुसरा कॅमेरा

“दम धर गा, पोट्टं अजून आलंच नाही.”

एक्स-रेवाले काका हे म्हणायचे तेव्हा पोट्टं समोरच असायचं. माझ्या स्टुडिओच्या मधोमध, पांढऱ्या पडद्यापुढे, नव्या कपड्यांत तोंड फाडून रडत असायचं. आई खुळखुळा वाजवत असायची, बाप टाळ्या पिटत असायचा, आजी ‘चिऊ बघ, चिऊ बघ’ करत असायची आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून घामाघूम झालेला असायचो. त्या गोंधळात काका चपला काढून दाराशी फतकल मारून बसायचे. पोराकडे बघायचेसुद्धा नाहीत. आपल्याच शर्टाच्या बाहीचं बटण काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे, आणि मला म्हणायचे, पोट्टं अजून आलंच नाही.

आणि ते यायचं. माझी तक्रार हीच आहे. तीन-चार मिनिटांत ते पोर खरंच यायचं. हुंदका गिळून इकडेतिकडे पाहायचं, काकांच्या बटणाकडे टक लावायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्वतः दिसायला लागायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे लहान मुलं आपोआप जातात. तुम्हाला त्याचं कौतुकच वाटत असेल. पण लहान मुलांचे फोटो काढणं हा तुमचा धंदा असता, तर काय वाटलं असतं ते मी सांगतो.

मी पुण्याला राहून रीतसर शिकून आपल्या शहरात परत आलो. रामदासपेठेत पहिल्या मजल्यावर स्टुडिओ घेतला, कारण खाली मुलांचं एक छोटं हॉस्पिटल होतं. काका त्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. त्यांचं नाव कोणी घेत नसे, खालच्या डॉक्टरांपासून वरच्या माझ्यापर्यंत सगळे त्यांना एक्स-रेवाले काकाच म्हणत. उंच, हडकुळे, ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. कन्हानहून रोज बसने यायचे. दुपारी खालचं काम थंडावलं की माझ्याकडे चहाला चढायचे. खाली कूलर होता आणि माझ्याकडे एसी, एवढंच सुरुवातीचं कारण.

पहिला प्रसंग मला लख्ख आठवतो. एका वर्षाचा मुलगा पहिल्या वाढदिवसाच्या फोटोसाठी आणला होता. मखमली शेरवानी, डोक्याला फेटा. तासभर रडत होता. आवाज खाली गेला असावा, कारण काका चहाची वेळ नसताना वर आले.

“काय गा, मारून राहिले काय पोट्ट्याले?”

मी काही बोलायच्या आत ते खाली बसले होते. मुलाच्या आईला म्हणाले, “तो फेटा काढ वं माय, टोचून राहिला असंन त्याले. आणि तुम्ही सगळे त्या पडद्यामागं जाऊन गोष्टी करा. त्याले तुमचा आवाज आला पाह्यजे. तुम्ही दिसले नाही पाह्यजे.”

मग माझ्याकडे वळले. “तुझा तो दुसरा कॅमेरा दे ना जरा. दुरून काढणारा.”

दुसरा कॅमेरा जुना होता, पण त्याला लांब पल्ल्याची लेन्स होती. मी गंमत म्हणून दिला. कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. काकांनी तो मांडीवर ठेवला आणि जणू विसरून गेले. पडद्यामागे आजी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होती. मुलाचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. तो रांगत फेट्यापाशी गेला, त्यात हात घातला, आणि आत काहीच सापडलं नाही म्हणून मान वर करून पाहिलं. काकांनी एकदा बटण दाबलं.

“झालं,” म्हणाले, आणि कॅमेरा मला परत दिला.

माझे शंभरावर फोटो होते, काकांचा एक. त्या घरच्यांनी भिंतीसाठी तो एक उचलला. माझ्या शंभरांवरून त्यांनी नुसता अंगठा फिरवला.

मी मनात म्हटलं, नशीब. पण तसं म्हणून सोडून द्यायची सोय काकांनी ठेवली नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच झालं, तिसऱ्यात तेच. मग लोक फोन करून विचारायला लागले, “ते खालचे काका असतात ना दुपारी? मग दुपारचीच वेळ द्या.” मी वेळ देत होतो. पैसे मला मिळत होते, काका चहावर खूश होते. तक्रार करायला जागाच नव्हती, आणि त्यामुळे जळफळाट जास्त व्हायचा.

एकदा मी सरळ विचारलं, “काका, तुम्ही नेमकं करता काय?”

“काही नाही गा. छातीचा एक्स-रे चांगला यायचा तर पोट्ट्यानं श्वास भरून घेतला पाह्यजे. आता वर्षाच्या पोट्ट्याले सांगता येते काय, श्वास घे म्हणून? ते तर रडूनच राहते. पण रडता रडता मधात श्वास घेतेच ना? तेव्हा दाबायचं. आणि एकदाच दाबायचं. दुसऱ्यांदा काढला म्हणजे त्याच्या अंगावर फुकट अजून एकदा मशीन चालवली.”

तीस वर्षं हा माणूस दोन रडण्यांच्या मधली जागा हुडकत बसला होता. मी मात्र एका सेकंदाला दहा फोटो काढणारा कॅमेरा घेऊन त्याच्याशी बरोबरी करत होतो.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. मी सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफीचे वर्ग घ्यायचो. तिथे मी शिकवायला लागलो: जमिनीवर बसा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या, खिडकीचा उजेड घ्या, ‘हस’ म्हणू नका, आईचा आवाज राहू द्या पण आईला बाजूला करा, वाट पाहा. विद्यार्थी माना डोलवत लिहून घ्यायचे. हे सगळं मी माझ्या नावावर खपवलं. वर्गात एकदाही काकांचं नाव निघालं नाही.

आणि एवढं शिकवून मला स्वतःला ते जमत नव्हतं. काका नसताना मीही दाराशी फतकल मारून बसून पाहिलं. बाहीचं बटणही काढलं. समोरच्या पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरून आईच्या पदरात शिरली. माझं लक्ष बटणावर नाही, तिच्यावर आहे, हे तिला कळलं होतं.

तोवर हे धंद्यातलं होतं. घरात आलं ते आमच्या मुलीमुळे, सानूमुळे.

सानू तेव्हा चार वर्षांची होती. मी कॅमेरा उचलला की ती ओठ घट्ट मिटायची आणि दोन्ही हात मांडीला चिकटवून शाळेतल्या रांगेत उभी राहिल्यासारखी उभी राहायची. तिचे माझ्याकडे हजारो फोटो आहेत आणि सगळ्यांत ती रांगेत उभी आहे. एका दुपारी बायको तिला घेऊन स्टुडिओत आली होती. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो. काका आणि सानू खिडकीपाशी संत्री खात बसले होते. दुसरा कॅमेरा तिथेच होता.

संध्याकाळी फोटो संगणकावर घेताना तो मला दिसला. सानू संत्र्याची फोड उजेडात धरून एका डोळ्याने तिच्या आत बघतेय. हनुवटीवरून रस ओघळलाय. कपाळावर एक आठी आहे, कुठलीशी मोठी गोष्ट समजून घेताना पडावी तशी.

बायको मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अशीच तर दिसते ती.”

मला ती तशी कधीच दिसली नव्हती. मी बाप होतो, फोटोग्राफर होतो, आणि ती आठी मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या माणसाने दाखवावी लागली. बायकोने तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. महिनाभर मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो.

यानंतर जे केलं ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे.

मौद्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या बहिणीच्या मुलाचा फोटो काकांनी काढला होता, तो त्यांनी पाहिला होता. त्यांची मुलगी तीन वर्षांची. जन्मापासून तिचा वरचा ओठ दुभंगलेला. ऑपरेशन खूप आधी व्हायला हवं होतं, घरातल्या मोठ्यांच्या चालढकलीत राहून गेलं. आता परवा होणार होतं, खालच्याच हॉस्पिटलात.

“तिच्या आत्ताच्या हसण्याचा एक फोटो पाह्यजे होता,” बाई म्हणाल्या. “मोबाईलमधी एकही नाही. लहानपणापासून कोणी ना कोणी तिच्या तोंडावर रुमाल धरे. आता कोणी मोबाईल काढला का तिचाच हात तोंडावर जाते. परवा डॉक्टर ओठ शिवतीन, चांगलंच होईन. पण मंग हे हसणं नाही दिसणार ना मले. ते काका काढतीन म्हणून बहीण म्हणे.”

मी म्हटलं, “काका आता फोटो काढत नाहीत. तुम्ही या, मी काढतो.”

इतकं सहज निघालं ते तोंडातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी आल्या. मुलीने पिवळा फ्रॉक घातला होता. मी कॅमेऱ्याला हात लावताच तिचा तळहात तोंडावर गेला. मी अर्धा तास खटपट केली. शेवटी मी त्या हाताचाच उपयोग केला: बोटं ओठांशी, मान जराशी कलती, एका बाजूने मऊ उजेड. लाजऱ्या मुलीचा फोटो. बोटांच्या फटीतून ओठाची चीर थोडी दिसत होती, ती मी लगेच संगणकावर भरून काढली. डॉक्टरांच्या एक दिवस आधी मी तो ओठ जोडून टाकला. आणि खरं सांगतो, मला वाटलं, काकांना हे आलं नसतं.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “छान हाये. पण ही कोण हाये?”

मग मायलेकी ऑपरेशनच्या आधीचा छातीचा एक्स-रे काढायला खाली गेल्या.

पंधरा मिनिटांत जिन्यात काकांची पावलं वाजली. मी ती ओळखत होतो. मी उठलो आणि टेबलावरचा दुसरा कॅमेरा कपाटात घातला. का, ते त्या क्षणी मी स्वतःलाही विचारलं नाही.

काका दारात उभे राहिले. दम लागला होता. “अगा, तुझा तो दुरून काढणारा दे. पाच मिनटं फक्त. खाली एक पोट्टी हाये, मोबाईल पाहिला का तोंड झाकते. दुरून काढा लागंन. उद्या तिचं ऑपरेशन हाये.”

“दुरुस्तीला दिलाय काका,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली, परत माझ्याकडे आली.

“बरं,” म्हणाले, आणि खाली गेले.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, असं खालच्या नर्सकडून कळलं. आणि काका दुपारी चहाला यायचे थांबले. भांडण नाही, काही नाही. जिन्यात भेटले तर “काय गा, जेवला का?” विचारायचे. पण वर येत नसत. गिऱ्हाइकांना मी सांगत होतो की काका नसतात आता, आणि आता ते खरंही होतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. स्टुडिओत फक्त मी होतो, आणि रडणारी पोरं होती.

दीड-दोन महिने गेले. एका दुपारी थर्मासमध्ये चहा घेऊन मीच खाली गेलो. काका एक्स-रेच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले होते. पेला त्यांच्या हातात दिला आणि एका दमात बोलून टाकलं, “काका, त्या दिवशी कॅमेरा वरच होता.”

“हाव,” काका म्हणाले. “पट्टा लटकून राहिला होता कपाटाच्या बाहेर.”

“मग बोलले काहून नाही तुम्ही? शिव्या द्यायच्या होत्या मले.”

काकांनी चहा फुंकला. “रडणाऱ्याले काय बोलायचं गा? त्याचा श्वास होयपर्यंत थांबा लागते.”

मी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग विचारलं, “त्या मुलीचा फोटो राहूनच गेला ना?”

“फोटो राहिला. तिच्या मायले बसवलं मी इथं, या बाकावर. म्हटलं, फोटो नाही तर नाही, तू पाहून घे. मोबाईल पिशवीत टाक आणि नीट पाय. पोट्टीसोबत मी आपला बसलो खाली. हसली ना मंग ती. चांगली खदखदून हसली. हात तर वरच नाही गेला तिचा. मायनं पाहिलं. दहा-पंधरा मिनटं पाहून राहिली. रडली थोडी. मंग म्हणे, झालं काका.”

त्यानंतर काका पुन्हा वर येऊ लागले. पण कॅमेऱ्याला त्यांनी हात लावला नाही. मी दोन-तीनदा पुढे केला. “तू काढ ना,” म्हणायचे. पोराला शांत करून द्यायचे आणि स्वतः भिंतीला टेकून बसायचे. तेव्हाचे माझे काही फोटो खरोखर चांगले आहेत. लोक त्यांची स्तुती करतात तेव्हा मी आभार मानतो आणि विषय बदलतो.

ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना माझ्याकडे पगारावर या म्हटलं. त्यांनी मान हलवली. “नोकरी म्हटली का घड्याळ पाहा लागते. मंग पोट्टं कवा पायणार?” कन्हानला घर होतं, बायको होती, मुलगा-सून जवळच राहत होते. शेवटच्या दिवशी खालच्या सगळ्यांना पेढे देऊन ते माझ्याकडे चढले, एसीखाली जरा वेळ बसले, आणि रोजची बस पकडून गेले.

वर्षभराने त्या मौद्याच्या बाई मुलीला घेऊन आल्या. शाळेच्या अर्जासाठी फोटो हवा होता. ओठावर एक बारीक रेघ उरली होती. मुलीचा हात तोंडाकडे गेला, पण अर्ध्या वाटेवरून खाली आला. मी फोटो काढला, बरा आला. निघताना मी घाबरत विचारलं, “तेव्हाचं हसणं आठवतं तुम्हाला?”

“नाही आठवणार?” त्या म्हणाल्या. “आधी डाव्या अंगानं हसे. इकडची पाकळी वर जाये, मंग दुसरी. दोन्ही पोचल्या का मंग डोळे मिटे. नाकाचा शेंडा हा असा खाली ये.” त्या बोटाने हवेत दाखवत होत्या, आणि मला ते हसणं दिसत होतं. माझ्याकडची सगळी यंत्रं लावूनही मी कुणाला माझ्या सानूचं हसणं असं सांगू शकलो नसतो. काका तिथे नव्हते, तरी मला त्यांचा हेवा वाटला. कॅमेरा मी दडवून ठेवला होता, आणि त्या माणसाने तरीही आपलं काम करून टाकलं होतं.

मागच्या हिवाळ्यात खालच्या नर्सने सांगितलं, काका गेले. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

तेरवीला मी कन्हानला गेलो. घरापुढे मांडव घातला होता. जेवणं उरकली होती. पुरुषमंडळी सतरंजीवर टेकून बसली होती. काकूंना माझी ओळख दिली, तर म्हणाल्या, “हाव, सांगत होते तुमच्याबद्दल. चांगले फोटो काढता म्हणे.” मी मान खाली घातली आणि एका कडेला जाऊन बसलो.

तेवढ्यात शेजारची एक दीड-दोन वर्षांची मुलगी आत आली. अंगात लाल स्वेटर, पायात काही नाही. कोणाची परवानगी न घेता थेट आतल्या खोलीत गेली. पडदा उचलून पाहिलं. खाटेखाली वाकून पाहिलं. मग बाहेर येऊन सतरंजीवरच्या एकेका माणसापुढे उभी राहू लागली. चेहरा बघायची आणि पुढच्याकडे जायची. काकूंनी तोंडाला पदर लावला. मुलीला कोणी उचललं नाही.

ती माझ्यापुढे आली. मांडवाच्या कापडातून गाळून आलेला उजेड तिच्या गालावर पडला होता, आणि माझी सवय अशी की मला आधी तो उजेड दिसला. मोबाईल खिशातच राहिला. मी तिच्या उंचीवर वाकलो आणि हळूच म्हटलं, “ये.”

तिने माझ्याकडे नीट, पूर्ण पाहिलं. मग वळली, मागच्या अंगणात गेली आणि तिथे शोधायला लागली.